जुन्यातलं सगळं

नवा ब्राउझर टाकून जावयाला मिळणार होता फार तर एक कप चहा. तरी सासरे यादवराव त्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसले.

"फुकट, आणि वर सुरक्षित म्हणता. यात तुमचा काय फायदा, जावईबापू?"

"तुमचं बँकेचं काम निर्धोक होईल, एवढाच. जुन्यातलं सगळं नव्यात आणू ना, बाबा?"

"सगळं. मधलं काही गाळायचं नाही," यादवरावांनी बजावलं. आपली वस्तू त्यांनी कधी कुणाकडे सोडली नव्हती.

सगळं नव्यात आल्यावर जावयाने तपासायला शोधाच्या चौकटीवर क्लिक केलं, आणि यादवरावांचे जुने शोध रांगेत खाली उतरले. सगळ्यात वर होतं, 'जावई खोटं बोलतो हे कसं ओळखावं'.

त्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. "काही गळलेलं नाही, बाबा."

चहा त्याने घेतला नाही. दिवाळीला मुलगी एकटीच आली.