शेवटच्या स्टेशनची खूण

मध्यभारत मध्यप्रदेशात विलीन झाला, त्या हिवाळ्यात दामोदर कर्णिक उज्जैनच्या रेल्वे तारघरात होते. एकाच तारेवर सात स्टेशनं होती. प्रत्येकाची खूण वेगळी; ज्याची खूण वाजेल, त्यानंच उत्तर द्यायचं.

जेवताना दामोदरांची बोटं ताटाच्या कडेवर एकच खूण वाजवीत राहत. "ही कुणाची हो?" त्यांची बायको माणिक विचारायची.

"शेवटच्या स्टेशनची," ते म्हणत आणि हसत. एरवी घरात ते कधी असे हसत नसत. महिन्याभरात माणिकला ती खूण पाठ झाली, आणि तिथे कुणीतरी बाई आहे याची खात्रीही.

एका दुपारी डब्याचं निमित्त करून ती फ्रीगंजातल्या घरून थेट तारघरात गेली. दामोदर यंत्रावर वाकून हसत होते. दारात त्यांचे सोबती शुक्लाबाबू उभे होते. तिनं त्यांना विचारलं, "शेवटच्या स्टेशनवर कौन रहता है?"

"वहाँ? कोई नहीं, भाभीजी. स्टेशन कब का बंद हुआ. दिवाली में तार भी काट दिया."

माणिक आत गेली. नवऱ्याचा हात बाजूला सारून तिनं स्वतःच ती खूण वाजवली.

यंत्र लगेच कडकडू लागलं. थांबेचना. ऐकता ऐकता दामोदरांचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हणतेय ती?"

"तुझं नाव घेतेय," ते म्हणाले. "मला बाहेर जायला सांगतेय."

मग त्यांनी माणिककडे डोळे रोखून पाहिलं. "माझ्याशी ती इतकं कधीच बोलली नाही."