पेंटरचा उजवा हात

"काका, हलू नका म्हटलं होतं ना?"

टेक्निशियनने दुसरा एक्स-रेही बाद केला. पडद्यावर मनगटाच्या जागी नुसतं धुकं आलं होतं.

पेंटरकाका पंचेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवत होते. पट्टी न लावता सरळ रेघ मारणारा त्यांचा उजवा हात आज टेबलावर ठेवला की थरथरत होता. दुखण्यापेक्षा भीती जास्त. हाड मोडलं असेल तर? त्यात तपासणी म्हणजे उपाशीपोटी, असं समजून ते चहासुद्धा न घेता आले होते.

"एक्स-रेला उपाशी राहावं लागत नाही," टेक्निशियन म्हणाला. "घड्याळ-अंगठी काढायची आणि गप्प बसायचं."

"ते दुसरं यांना जन्मात जमलेलं नाही," काकू दारातून म्हणाल्या. सकाळी काका शिडीवरून पडले तेव्हापासून काकूंच्या तोंडाचा पट्टा चालू होता. शिडी खालून काकूंनीच धरली होती आणि काका थेट त्यांच्या अंगावर आले होते. तेव्हा बोलायचा हक्क राखीव होता.

शेवटी हात धरायला त्यांनाच आत बोलवावं लागलं.

"नियम आहे, विचारावं लागतं." टेक्निशियन चाचरला. "काकू, दिवस गेलेत का?"

"दिवस कसले, अख्खी वर्षं गेली यांच्यापायी!"

काका खुदकन हसले. शिशाचा जड एप्रन चढवून काकूंनी त्यांचा हात मनगटाच्या वर घट्ट धरला. "अहो, मी आहे ना. आता हलाल तर बघा."

काका हलले नाहीत. या वेळी हाडं स्वच्छ आली.

डॉक्टर पडद्यापुढे वाकल्या. "हाड शाबूत आहे, काका. मुरगळलंय फक्त. थोडे दिवस आराम, मग ब्रश धरा."

काकांनी डाव्या हाताने चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला.

"पण हे बोट कुणाचं?" डॉक्टरांनी पडद्याची कड दाखवली. तिथे एक पाहुणं बोट डोकावत होतं. मधोमध मोडलेलं.

काकूंनी हात पाठीमागे नेला.

"अगं!" काका उभेच राहिले.

"मोडक्या बोटाने धरलंत यांना?" डॉक्टर म्हणाल्या. "सकाळीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर आधी हिचं बघा म्हणून अडून बसले असते हे," काकू म्हणाल्या. "आणि पाट्या काय मी रंगवते?"