तेविसावा अर्थ

हॅथवेची गुलाबी चिठ्ठी अर्नेस्टीनच्या टेबलावर येऊन पडली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. अमेरिकेच्या उत्तरेकडल्या वूस्टरमधल्या त्या शब्दकोशाच्या कचेरीत बोलायची पद्धत नव्हती. वीस माणसं दिवसभर इंग्रजी शब्दांचे अर्थ लावत बसायची आणि भांडायचं झालं तरी गुलाबी चिठ्ठीवर भांडायची. हॅथवे मुख्य संपादक. त्यानं एवढंच लिहिलं होतं : 'शिक्का काढायला शिकलेल्या माणसांच्या लिखाणातले तीन छापील पुरावे लागतात. तुझ्याकडे एकही नाही. चार वाजता पान छापखान्यात जाईल.'

शब्द होता कॅरी. दिसायला एवढासा, पण आपल्या 'लागणे'सारखा चहूकडे पसरलेला. ओझं वाहणं, दुकानात माल ठेवणं, रोग पसरवणं, आवाज लांबवर पोचणं, ठराव मंजूर होणं, पोटात मूल असणं. चार महिने खपून अर्नेस्टीननं एकेचाळीस अर्थ वेगळे केले होते. त्यातला तेविसावा : माणसाला सोबत करून कुठं तरी पोचवणं. दक्षिणेत, अलाबामात तिच्या गावी सर्रास म्हणत. आईला दवाखान्यात कॅरी करायचं, पाहुण्यांना स्टेशनवर कॅरी करायचं. जुन्या आवृत्तीत मात्र त्या अर्थापुढं शिक्का होता, 'अशिक्षितांच्या बोलीत'. आता पान गेलं की पुढची आवृत्ती तीस वर्षांनी. आईच्या तोंडच्या शब्दावर आणखी तीस वर्षं हा डाग राहू द्यायचा? अर्नेस्टीनला ते मुळीच मान्य नव्हतं.

ती उठली आणि तडक तळघरात गेली. तिथं छापील मजकुरातून उतरवून घेतलेल्या उदाहरणांच्या लाखो चिठ्ठ्यांचा कारभार सिकोरा नावाचा म्हातारा बघायचा. वर मिठाची गुळणी धरून बसणारी माणसं खाली येऊन तोंड मोकळं करत, त्यामुळे स्वारी नेहमी खुशीत असे.

"या बाईसाहेब! कॅरीचे अकरा खण उपसून झाले. आता काय भिंत खणायचीय?"

"चेष्टा पुरे. आमच्याकडचे डॉक्टर, न्यायाधीश, पाद्री, सगळे हा शब्द असाच लिहितात. मी डोळ्यांनी वाचलंय. मग खणात एक तरी चिठ्ठी का नाही?"

"कारण चिठ्ठ्या करणारे सगळे इकडचे, उत्तरेतले," सिकोरा म्हणाला. "डॉक्टरनं असं लिहिलेलं दिसलं की यांना वाटणार, बिचाऱ्याचा हात घसरला. मग ती चिठ्ठी कॅरीच्या खणात कशाला येईल?"

अर्नेस्टीन त्याच्याकडे बघतच राहिली. "छापील चुकांची पेटी! अगं बाई गं. कुठंय ती?"

पेटी बॉयलरमागे होती, धुळीनं माखलेली. सी अक्षराच्या गठ्ठ्यात तिला एकापाठोपाठ एक सापडत गेल्या. मॉन्टगोमेरीच्या न्यायाधीशाचा निकाल. एका बिशपचं आत्मचरित्र. एका सर्जनचा अहवाल, 'रुग्णाला घरी कॅरी केलं.' सगळ्या चूक म्हणून टाकून दिलेल्या, आणि प्रत्येकीखाली टाकणाऱ्याची आद्याक्षरं.

"हा बघा हॅथवे!" ती आनंदानं ओरडली. "हा पण हॅथवे! आता माग म्हणावं पुरावे."

मग बत्तिसावी चिठ्ठी हातात आली. अलाबामातल्याच टस्कीगीच्या एका मुख्याध्यापिकेचं भाषण. खाली निळ्या शाईत 'ई. पी.', म्हणजे अर्नेस्टीन पेटवे. अक्षर तिचंच, नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. शरमेनं तिचे कान तापले.

सिकोरानं वाकून पाहिलं आणि लगेच नजर वळवली. "तीनच लागतात ना? एकतीस आहेत. एखादी खिशात गेली तर मी काही पाहिलेलं नाही."

"नाही हो," ती म्हणाली आणि बत्तीसच्या बत्तीस घेऊन जिना चढली.

हॅथवेच्या खोलीचं दार तिनं उघडंच ठेवलं. बाहेर सगळ्यांच्या माना वर झाल्या. तिनं गठ्ठा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"कुठं सापडल्या?"

"चुकांच्या पेटीत. त्यातल्या पाच तू टाकल्यास."

हॅथवे एकेक चिठ्ठी उलटू लागला. स्वतःची आद्याक्षरं आली तसा त्याचा चेहरा लाल होत गेला. "मी नवा होतो गं तेव्हा."

"ठाऊक आहे मला."

त्यानं पेन उचललं आणि तेविसाव्या अर्थापुढचा शिक्का खोडून टाकला. मग राहिलेल्या चिठ्ठ्या बघता बघता त्याचा हात थांबला.

"ई. पी.? अर्नी, ही तू टाकलीस? तुला तर ठाऊक होतं!"

"होतं ना. त्या वर्षी आईचा फोन आला की खोलीतल्या मुलींना आमची बोली ऐकू जाऊ नये म्हणून मी दार लावून घ्यायचे." तिचा आवाज बाहेरपर्यंत खणखणीत गेला. "उदाहरण म्हणून तीच छाप."