दहावा अर्ज

“पुरातत्त्व खात्यात गेल्या साली जागा किती निघाल्या?” बिरदेवनं विचारलं.

महेश्वरी मॅडमना आकडा ठाऊक नव्हता. इतिहास विभागात बसून त्यांनी एम.ए. झाल्यावरच्या नोकऱ्या नुकत्याच पाच बोटांवर मोजून दाखवल्या होत्या. एमपीएससी, पुरातत्त्व खातं, संग्रहालय, पर्यटन, वर्तमानपत्र. विभागप्रमुख आबासाहेबांनी सकाळीच बजावलं होतं, “पालक आला की पाचही सांगायचं. माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही.” त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. एम.ए.ला नऊच अर्ज आले होते. दहावा आला नाही तर वर्ग बंद, आणि वर्ग बंद म्हणजे मॅडमचे तासही बंद. आज शेवटचा दिवस. आणि समोर बसला होता सांगोल्याकडचा हा मेंढपाळ, बिरदेव. शेजारी त्याची बी.ए. झालेली लेक, पूनम.

पोरगी मात्र गुणाची. बापाच्या मेंढरांमागं फिरता फिरता तिनं माळावरचे सतरा वीरगळ हुडकले होते. लढाईत पडलेल्या माणसांचे ते जुने दगड. कुठला कुठं, त्यावर काय कोरलंय, सगळं वहीत लिहून आणलेलं. वही बघून मॅडम हरखल्या होत्या.

पण बाप! भलताच चौकस गडी. संग्रहालयात आत काम असतंय का दारात उभं ऱ्हायचं? पेपरवाले पगार देत्यात का निस्तं नाव छापत्यात? बाजारात मेंढरू घेताना दात बघावेत, तसा एकेक धंदा उचकटून बघत होता. पोरीला बोहल्यावर चढवायला निमित्त शोधतोय मेला, असं मॅडमच्या मनात आलं. त्यांना राग आला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली.

“प्राध्यापक होता येतं की,” त्या म्हणाल्या. “पगार लाखाच्या वर जातो.”

हे खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

“तुमी हाईसा की प्राध्यापक. तुमास्नी किती मिळत्यात?”

पूनम ओशाळली. “आप्पा, असं इचारत्यात व्हय?”

“इचारल्याबिगर कसं कळंल?”

मॅडमनी दाराकडं पाहिलं. आबासाहेब शेजारच्याच खोलीत होते. आकडा फुगवायला असा कितीसा वेळ लागतो! पण पूनम त्यांच्याकडंच बघत होती, आणि त्या पोरीसमोर खोटं बोलायला त्यांची जीभ रेटेना.

“मी तासावर आहे, मामा. पीएच.डी. होऊन अकरा वर्षं झाली. तास घेतला तर पैसे. महिन्याला पंधरा-अठरा हजार पडतात, तेही चार-चार महिन्यांनी हातात येतात. मे महिन्यात काहीच नाही.”

“मग मे महिन्यात खाता काय?”

“दुधनीला वडिलांचं किराणा दुकान आहे. ते पाठवतात.”

बोलून टाकलं आणि मॅडमना बरं वाटलं. पण गेला दहावा अर्ज! आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

बिरदेव बराच वेळ बोटांची पेरं मोजत राहिला. मग लेकीला म्हणाला, “भर अर्ज.”

मॅडम बघतच राहिल्या. “मामा, मी काय सांगितलं ते ऐकलंत ना?”

“त्येच ऐकाया आलतो की. जो त्यो लाखच सांगतोय, मग हिशेब कसा लागावा?” तो उठून उभा राहिला. “आमच्या घरात लेकीच्या लग्नात द्यायला तिच्या नावानं मेंढ्या राखत्यात. हिच्या चाळीस हायत. ही म्हनती लगीन नगं, दगड वाचायचेत. म्हनलं, चाळिसात हिचा मे महिना निघंल, का साठ राखाव्या लागतील, तेवढं इचारून यावं.”