खांबामागची जागा

"ही घ्या," रखवालदार म्हणाला. "डोक्यावर पंखा, बाजूला खिडकी. एका दातांच्या डॉक्टरांची होती. गेल्या महिन्यात वारले."

म्हातारा त्या बाकावर टेकला. मान वळवून मागे वर बघितलं आणि उठला.

"चांगली आहे," तो म्हणाला. "पण दुसरी एखादी?"

"दुसऱ्याही आहेत. आमच्याकडे जागेला तोटा नाही. सगळे तुमच्यासारखेच येतात, कामधंदा आटोपून, थंडीला कंटाळून. चार वर्षं ऊन खातात. मग जागा मोकळी."

म्हातारा हसला. हसायचं होतं की नाही, हे त्याला नीट कळलं नव्हतं.

भर दुपारी ज्यूंच्या त्या प्रार्थनागृहात, सिनेगॉगमध्ये, ते दोघंच होते. म्हाताऱ्याच्या हातावर जाड कोट होता. सकाळी निघताना त्याच्या गावात बर्फ होता. इथे खिडकीतून येणारं ऊन फरशीवर पसरलं होतं, आणि सकाळपासून तो एकदाही खोकला नव्हता.

खिशातला फोन वाजला. मुलगी होती.

"बघितलंत का, बाबा?"

"बघतोय."

"हे तिसरं शहर आहे. पहिल्या ठिकाणी समुद्र होता, समोर दवाखाना होता, आपली माणसं होती. तुम्ही नाही म्हणालात. दुसऱ्या ठिकाणी तर तुमच्या शाळेतला मित्र निघाला."

"तो फार बोलतो."

"बोलू दे की. घरात बोलायला आहे कोण तुमच्याशी?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? पुढचा हिवाळा तुमच्या छातीला झेपणार नाही. तिथला घरमालक संध्याकाळपर्यंत थांबतोय. तुम्हाला नक्की हवंय तरी काय?"

उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं. पण ते ऐकून ती हसली असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे गप्प झाली असती.

"संध्याकाळी सांगतो," तो म्हणाला.

रखवालदार नाकावर घसरलेला चष्मा सारखा वर ढकलत होता. म्हाताऱ्याने हात पुढे केला. "द्या बरं इकडे. काडी सैल झालीय." आयुष्यभर त्याने चष्म्यांचं दुकान चालवलं होतं. किल्ल्यांच्या रिंगमधला बारीक स्क्रू-ड्रायव्हर काढून तो खिडकीपाशी उभा राहिला. हातात काम आल्यावर त्याला बोलणं सोपं गेलं.

"वर सज्जा आहे तुमच्याकडे," तो म्हणाला.

"बायकांचा होता. आता वर कोणी जात नाही. त्यांचे गुडघे आणि तो जिना, दोघांचं पटेना. शेवटी खालीच पडदा लावून दिला. वर मोडक्या खुर्च्या ठेवल्यात." रखवालदाराने चष्म्याशिवाय डोळे बारीक करून त्याच्याकडे बघितलं. "आल्यापासून बघतोय, तुमची नजर वरच आहे."

"आमच्याकडे बायका अजून वरच बसतात. त्या दोन शहरांत सज्जाच नव्हता. सगळं एकाच मजल्यावर, नवं कोरं." म्हाताऱ्याने काडी उघडून मिटून पाहिली. "मला प्रवचनात झोप लागायची. आमची ही बरोबर माझ्या डोक्यावर, कोपऱ्यात बसायची. माझी मान कलली की अंगठी वाजवायची कठड्यावर. लोखंडी कठडा. एकदाच वाजवायची."

"मग?"

"मग मी वर न बघता पान उलटायचो. झोपलोच नव्हतो असं दाखवायला."

"आणि आता?"

"आता जागाच असतो. उठवायला कोणी नाही."

त्याने चष्मा पुसून परत दिला. रखवालदाराने तो घातला, मान हलवून पाहिली. चष्मा जागचा हलला नाही. मग तो म्हणाला, "वरच्या खिडक्या लावून येतो. तुम्ही बसा. घाई नाही."

म्हातारा बाकांच्या रांगेतून मागे गेला. सज्जाच्या कोपऱ्याखाली एक जाड खांब होता. खांबामागे भिंतीला लागून एकच आसन होतं, धुळीने माखलेलं. त्याने रुमालाने ते पुसलं आणि बसला. समोर खांब सोडून काही दिसत नव्हतं. कोट मांडीवर ठेवला. पुढच्या फळीवर कोणीतरी विसरलेलं प्रार्थनेचं पुस्तक होतं. ते उघडून तो वाचू लागला. ऊन त्याच्या बुटांपर्यंत आलं होतं. वर कुठेतरी खिडकी लागल्याचा आवाज झाला, मग दुसरी. ओळी एकमेकींत मिसळल्या. मान हळूहळू खाली आली.

डोक्यावर लोखंडी कठड्याला रखवालदाराच्या किल्ल्या लागल्या. एकदाच.

म्हातारा सरळ झाला. वर न बघता त्याने पान उलटलं.

"झोप लागली काय?" वरून रखवालदार म्हणाला.

"छे, वाचतोय," तो म्हणाला. मग त्याने विचारलं, "ही जागा कोणाची आहे?"

रखवालदार कठड्यावरून वाकला. "ती होय? ती कोणीच घेत नाही. तिथून काही दिसत नाही हो."

"ऐकू येतं," म्हातारा म्हणाला, आणि मुलीला फोन लावायला खिशात हात घातला.