आईचा रकाना

"आईला, म्हणजे तुम्हाला, होता का असा त्रास?" डॉक्टर पौर्णिमाबाईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं.

मुक्ताबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "होता. लई वर्सं. चार-चार महिने पाळी यायची न्हाई. आली की थांबायची न्हाई."

"कधी कधी घराण्यातून येतं हे." डॉक्टरांनी एका रकान्यात लिहिलं : आई – होय. "तरी तुम्हाला मूल झालंच ना? मग सायलीनं कशाला घाबरायचं?"

मुक्ताबाईनं शेजारी बसलेल्या सायलीच्या पाठीवर हात ठेवला. "देवानं पदरात टाकली," ती म्हणाली.

सायली एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. वर्षभरात वजन अकरा किलोंनी वाढलेलं, हनुवटीवर केस आलेले, आणि तीन महिने पाळीचा पत्ता नाही. डॉक्टरांनी सोनोग्राफीचं चित्र तिच्याकडे वळवलं.

"तुरीला शेंगा धराव्यात आणि दाणा भरायच्या आधीच थांबाव्यात, तसं तुझ्या बीजाचं झालंय बघ. कापून टाकायची ही गाठ नव्हे. रोज पाऊण तास झपझप चालायचं. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी. साखरेचा चहा आणि खारी बंद. मोबाईल बाजूला ठेवून वेळेवर झोपायचं. सहा महिने नेटानं कर, मग गोळ्यांचं बघू."

"कापायचं न्हाई ना काई?" मुक्ताबाईनं विचारलं. जिना उतरण्याआधी परत येऊन आणखी दोनदा विचारलं.

घरी सायलीचा अप्पा सुंदरराव बाजेवर बसून होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "लोक म्हणत्यात, लगीन लावून टाका, आपोआप नीट होतंय."

"लोकायला काय जातंय म्हणायला? सहा महिने द्या."

"गुढीपाडव्यापर्यंत. न्हाई जमलं तर कॉलेज बंद. मी सोयरीक बघतो."

तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला, तशी उज्ज्वलानं पदर सावरून तांब्या पुढं केला आणि पुन्हा परातीकडे वळली. उज्ज्वला ही मुक्ताबाईची धाकटी बहीण. याच घरात असायची. सायली तिला मावशी म्हणायची. चूल उज्ज्वलाची आणि चुलीबाहेरचं सगळं मुक्ताबाईचं, ही वाटणी फार जुनी.

दुसऱ्या दिवसापासून उजाडताच दोघी मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागल्या. कपिलधारच्या फाट्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. सायली मागं रेंगाळायची, मुक्ताबाई पुढं.

"आई, तू कावून पळतीस? आजार मला हाय."

"तुझ्या पायायला सोबत."

पण सोबत चालण्यावरच थांबली नाही. सायलीचा गोड चहा सुटला, त्याच दिवशी मुक्ताबाईनंही सोडला. सायलीच्या ताटात जे, तेच तिच्या ताटात. डॉक्टरांनी कागद जणू तिच्याच नावानं लिहिला होता.

दुपारी ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून असे. लेकरांना खिचडी वाढायची, फळांची नावं म्हणून घ्यायची. एखादं जेवता जेवता मांडीवरच झोपी जाई. त्याची आई न्यायला आली तरी मुक्ताबाई लगेच उठत नसे. "झोपू द्या घटकाभर," म्हणे.

दिवाळीत उज्ज्वलानं सायलीसाठी वाटीत चार करंज्या झाकून ठेवल्या. मुक्ताबाईनं झाकण उचललं.

"उज्जे, तू असे लाड कर, आन मी डॉक्टरीणबाईपुढं मान खाली घालते."

"एकच घास, आक्का. पोरगी वाळली."

"वाळू दे."

"बरं बाई. पोरगी तुझी हाय. मी कोण बोलणारी?" उज्ज्वलानं वाटी शेजारच्यांकडे धाडली.

पाळीच्या तारखेला भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुंकवाचा ठिपका द्यायचा, असं मुक्ताबाईनं ठरवलं होतं. नोव्हेंबर कोरा गेला. डिसेंबरही कोरा. सुंदररावनं सिरसाळ्याच्या एका मुलाची चौकशी सुरू केली. सायली रस्त्यातच खाली बसली. "काई होत न्हाई गं आई. उगं चालतोय आपण."

"ऊठ. फाटा दिसायलाय."

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सायली न्हाणीतून आली आणि मुक्ताबाईच्या कानाशी लागली. मुक्ताबाईनं करंडा काढला, ठिपका दिला आणि तिथंच उभी राहिली. तिचा एक हात ओटीपोटावर गेला होता. उज्ज्वला चुलीपुढून उठून आली. दोघी बहिणी बराच वेळ त्या ठिपक्याकडे पाहत राहिल्या.

फेब्रुवारीत दुसरा आला. मार्चमध्ये तिसरा, एकतिसाव्या दिवशी.

पाडव्यानंतर बीडला डॉक्टरांनी वजन केलं. सात किलो कमी. "आत्ता गोळ्या नकोत. पण चालणं सोडायचं नाही हं, हे जन्मभराचं आहे."

"जा, अप्पाला फोन लाव," मुक्ताबाई सायलीला म्हणाली. "म्हणावं, सोयरीक थांबवा. कॉलेज चालूच राहणार."

सायली जवळजवळ पळतच बाहेर गेली. मुक्ताबाई उठली नाही.

"आणखी काही?"

"एक इचारते, मॅडम. हे चालणं, ही भाकरी. माझ्या चोविसाव्या वर्षी मला कुणी सांगितलं असतं, तर असाच फरक पडला असता?"

"बहुतेक पडला असता. पण तुमचं कुठं काही अडलं?"

मुक्ताबाईनं दाराकडे पाहिलं. बाहेरून सायलीचं हसणं ऐकू येत होतं.

"हा कागद पुढं लागतो का?"

"लागतो ना. सायलीच्या बाळंतपणापर्यंत जपायचा."

"मंग खोटं नको त्याच्यावर. माझी पिशवी काढली, त्याला आता बावीस वर्सं झाली."

डॉक्टरांची नजर कागदावरच्या वयाकडे गेली. एकोणीस.

"त्या रकान्यात आई खोडा," मुक्ताबाई म्हणाली. "मावशी लिवा."