उजव्या टोकाचा डाग

मालिनीबाईंनी आजही सोफ्याच्या डाव्या टोकाला मुद्दाम चहा सांडला. सोफा आपोआप स्वच्छ राहावा म्हणून कापडात सोडलेले जिवाणू डाग खायचे. चहाने त्यांचं पोट भरलं, तर उजवीकडचा खोबरेलचा डाग वाचेल, असं त्यांना वाटे. यजमान हयात असताना तिथेच डोकं टेकायचे.

"फार लाड करता काकू या जिवाणूंचे!" कापडाच्या तपासणीला आलेला इर्शाद हसला. त्याने तेलाच्या डागावर यंत्र धरलं. "इथे रोज कोण बसतं?"

"मीच. दुसरं कोण आहे आता?"

"तरीच. यात एकाच बाईच्या पेशी आहेत. काकांचं तेल यांनी केव्हाच संपवलं."

मालिनीबाईंचा हात स्वतःच्या खोबरेल चोपडलेल्या अंबाड्याकडे गेला.

"म्हणून ते जाऊन वर्ष झालं तरी वास जात नव्हता होय," त्या म्हणाल्या.